पहिला घास: अनोळखी भाजी, नवं फळ, नवा पदार्थ खाताना

जून सरत आला की मेढा, पाटण, शिराळ्याच्या आठवडी बाजारात टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली यांचे वाटे दिसू लागतात. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडून स्ट्रॉबेरीच्या जोडीनं ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस कराड-सांगलीच्या मंडईपर्यंत येतात. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात ड्रॅगनफ्रूटच्या बागा उभ्या राहिल्या आणि ते फळ रस्त्याकडेच्या गाड्यावर आलं. घ्यावंसं वाटतं, पण हात आखडतो. हे बाधणार तर नाही ना? मुलांना द्यावं का? मागच्या वेळी आणलं तर कुणी तोंड लावलं नाही, पुन्हा कशाला आणायचं? वाचकांच्या विचारणांत हे प्रश्न सतत येतात आणि बहुतेकदा एकमेकांत गुंतून येतात. गोंधळाचं मूळ त्या गुंत्यातच आहे.

आधी दोन प्रश्न सुटे करा

नव्या पदार्थाबाबत दोन निर्णय घ्यायचे असतात. पहिला जिवाचा: हे नक्की काय आहे, कसं शिजवायचं, माझ्या अंगाला मानवेल का. दुसरा जिभेचा: हे मला आवडतं का. पहिला निर्णय घास तोंडात जाण्याआधी घ्यायचा आणि त्यात अजिबात सैल राहायचं नाही. दुसरा निर्णय मात्र सावकाश, पाच-दहा वेळा खाऊन मगच घ्यायचा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. 'रानातली भाजी आहे, औषध न मारलेली आहे, काही होत नाही' असं म्हणून जिवाचा प्रश्न आपण झटक्यात निकाली काढतो. चवीबाबत मात्र कमालीचे कडक होतो. एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ती भाजी घरातून कायमची हद्दपार. या लेखातला सगळा सल्ला ही उलटी वहिवाट सुलटी करण्यासाठी आहे.

ओळख पटल्याशिवाय चूल नको

रानभाजीबाबत सर्वांत मोठा धोका कीड किंवा मातीचा नाही, चुकीच्या ओळखीचा आहे. टाकळ्याचंच उदाहरण घ्या. पहिल्या पावसानंतर पडीक रानात, रस्त्याच्या कडेला तो भरभरून उगवतो. त्याच जागी, त्याच सुमाराला, तशाच पिवळ्या फुलांचा कासविंदाही उगवतो. दोन्ही जवळच्या नात्यातल्या वनस्पती आहेत. पान हातात घेऊन पाहिलं तर फरक कळतो. टाकळ्याच्या एका देठावर साधारण तीन जोड्या पानं असतात आणि प्रत्येक पान टोकाकडे रुंद, गोलसर होत जातं. कासविंद्याच्या देठावर चार-पाच किंवा अधिक जोड्या असतात आणि पान टोकाशी निमुळतं, अणकुचीदार असतं. हा फरक किती महत्त्वाचा आहे हे पश्चिम उत्तर प्रदेशातल्या एका आजारावरून कळावं. तिथं लहान मुलांचं यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकाच वेळी घाला घालणारा, मुलं दगावणारा आजार अनेक वर्षं गूढ मानला जात होता. खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा-बिया खाल्ल्यानं तो होतो, हे २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. झाड ओळखीचं, दाराशी वाढणारं, पूर्णपणे नैसर्गिक. तरीही विषारी.

कंदांबाबत तर आणखी सावध राहा. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी सह्याद्रीत सगळीकडे दिसते. तिचा कंद रताळ्यासारखा समजून खाल्ल्यानं झालेल्या विषबाधांच्या नोंदी श्रीलंकेत आहेत, आणि वनस्पती तीच आहे. जमिनीतून उकरलेला कंद फूल-पान न पाहता कुणी दिला तर घेऊ नका.

रानातल्या अळंबीबाबत एकच सल्ला आहे: स्वतः गोळा करून खाऊ नका. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलतो का, किड्यानं खाल्लीय का, या सगळ्या घरगुती परीक्षा निरुपयोगी आहेत. काही अतिविषारी अळंब्यांचं विष शिजवल्यानं नाहीसं होत नाही. त्यांचा त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, तोवर ते यकृतापर्यंत पोहोचलेलं असतं. अळंबीची चव घ्यायची असेल तर लागवडीची धिंगरी किंवा बटण अळंबी बाजारात सहज मिळते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आमच्या आज्या-पणज्या हेच खात होत्या, त्यांना काय झालं? आक्षेप योग्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. त्या बायका कोणतंही हिरवं पान तोडून आणत नव्हत्या. कोणत्या बांधावरचं, कोणत्या महिन्यातलं, कोणता भाग, किती पाण्यात उकळून, हे सगळं त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. आपल्या हाती भाजी आली, पण ते ज्ञान बरोबर आलं नाही. मोबाइलवरचा फोटो त्या ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही, कारण कोवळ्या रोपाला फूल-फळ नसतं आणि फोटोवरून ओळखणारी ॲपं तिथंच चुकतात. शिवाय एकाच भाजीला तालुक्यागणिक नाव बदलतं. एके ठिकाणची फोडशी दुसरीकडे कुलू होते. म्हणून नावावर विसंबू नका, झाड पाहा.

ते ज्ञान अजून हयात आहे आणि विचारलं तर मिळतं. जावळी, पाटण, शिराळा भागातून भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांकडे ते आहे. कृषी विभाग आणि 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) यांच्या वतीनं ऑगस्टच्या सुमाराला रानभाजी महोत्सव भरतात, तिथं ओळखलेली भाजी आणि शिजवलेला पदार्थ दोन्ही एकाच टेबलावर पाहता येतात. पहिल्यांदा रानभाजी खाण्यासाठी याहून चांगली जागा नाही. शेतातून थेट आणलेल्या ताज्या भाजीवर परवाना क्रमांक नसतो, लेबल नसतं. विकणारीची माहिती हेच तिथलं लेबल. ते असं वाचा:

- ही भाजी कुठून तोडली? (रस्त्याकडेची, सांडपाण्याच्या कडेची, नुकतंच तणनाशक मारलेल्या बांधावरची नको.)
- कोणता भाग खायचा: पान, देठ, फूल की फळ? कोणता काढून टाकायचा?
- उकळून पाणी टाकायचं का? चिंच-आमसूल घालावं लागतं का?
- तुमच्या घरी ही खाता का? कशी करता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. जी बाई स्वतः आठवड्याला ती भाजी करते, ती देठ कुठं मोडायचा हे हातानं करून दाखवते. 'लोक नेतात' एवढंच उत्तर मिळालं तर त्या दिवशी ती भाजी राहू द्या.

स्वतः तोडायला निघणार असाल तर जागेचा कायदाही पाहा. कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान या संरक्षित क्षेत्रांतून झाडपाला तोडून आणता येत नाही. सहलीला जाऊन येताना पिशवी भरून आणण्याची ती ठिकाणं नव्हेत.

शिजवण्याची रीत पाळा

एखादी भाजी 'खाण्याजोगी' आहे याचा अर्थ ती विशिष्ट रीतीनं केल्यावर खाण्याजोगी आहे, एवढाच असतो. शेवळं, अळू, सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. नीट शिजवलं नाही आणि चिंच, आमसूल किंवा काकडाच्या फळांसारखं आंबट घातलं नाही तर घसा खाजतो, सुजतो. भारंगी उकळून, पिळून, मग फोडणीला टाकतात, तेव्हा तिचा कडवटपणा खाण्याजोगा होतो. या रीती चवीसाठीच्या सूचना समजून गाळल्या जातात आणि दोष भाजीला लागतो.

याचं अगदी घरातलं उदाहरण कोरेगावच्या घेवड्याचं. कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि तो राजम्याच्याच जातीचा आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक प्रथिन असतं, त्यानं तीनेक तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होतात. चार-पाच कच्चे दाणेही त्याला पुरतात. मंद आचेवर कोमट राहिलेला घेवडा कच्च्याहूनही अधिक त्रासदायक ठरू शकतो. उपाय सोपा आहे: रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नवं पाणी घालून खळखळ उकळा किंवा कुकरमध्ये पूर्ण मऊ करा. सॅलडच्या नव्या पाककृती पाहून भिजवलेला घेवडा कच्चा किंवा नुसता वाफवून खाऊ नका.

कडू चवीचा नियमही लक्षात ठेवा. कारलं कडूच असतं, ते ठीक. पण जो पदार्थ कडू नसायला हवा तो कडू लागला तर थुंकून टाका. कडू दुध्याचा रस प्यायल्यानं २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की रस काढण्याआधी दुध्याची छोटी फोड चाखावी आणि कडू असेल तर तो टाकून द्यावा. काकडी, दोडका, झुकिनी ही सगळी त्याच कुळातली. आपल्याकडच्या कांदा-लसूण मसाल्याचा एक तोटा इथं आहे: तो असला इशारा झाकून टाकतो. म्हणून नवी फळभाजी मसाल्यात पडण्याआधी तिचा तुकडा जिभेला लावून पाहा.

अंगाला मानवतं का?

पदार्थ ओळखीचा, नीट शिजवलेला असला तरी प्रत्येकाच्या अंगाला तो मानवतोच असं नाही. ॲलर्जी हे शहरी खूळ आहे असं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, कोळंबी, मासे हे सगळे आपल्या ताटातलेच पदार्थ आहेत आणि ॲलर्जीच्या यादीत वरच्या ओळींत आहेत. घाटावर वाढलेल्या माणसानं तिसाव्या वर्षी मालवणात पहिल्यांदा कोळंबी खाल्ली तर त्याचं अंग काय म्हणेल हे आधी सांगता येत नाही. यासाठी चाचण्यांच्या मागे धावायची गरज नाही. पुढची शिस्त पुरेशी आहे:

- एका वेळी एकच नवा पदार्थ. त्रास झाला तर कशानं झाला हे कळायला हवं.
- पहिल्यांदा दोन-तीन घास, पोटभर नको.
- रात्री उशिरा नको, दिवसा खा. ॲलर्जीचा त्रास बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतो, तेव्हा घरचे जागे असावेत.
- ताप, जुलाब असताना किंवा घाटाच्या प्रवासाआधी नवं काही खाऊ नका.

शेवटच्या सूचनेमागचं कारण केवळ पोटाचं नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मळमळ झाली, मग ती दुसऱ्या कशानं का असेना, तर मेंदू त्या पदार्थाशीच ती जोडतो आणि पुढं वर्षानुवर्षं त्याची किळस वाटते. जॉन गार्सिया यांनी १९५० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. पाचगणीत पहिल्यांदा स्ट्रॉबेरी-क्रीम भरपूर खायचं आणि लगेच एसटीनं पसरणी घाट उतरायचा, यात मूल स्ट्रॉबेरीला कायमचं मुकण्याचा संभव आहे. दोष वळणांचा असतो, शिक्षा फळाला होते.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी करंबळ खाऊच नये. निरोगी माणसाला ते फळ सोसतं, पण मूत्रपिंड अधू असेल तर त्यातलं द्रव्य मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेततं. मुतखडा झालेल्यांनी घोळ, चुका, अळू बेतानं खावं. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नये. दमा असेल तर बेदाण्याबाबत सावध राहा. तासगाव भागातला बेदाणा भौगोलिक मानांकन मिळवलेला उत्तम माल आहे, पण पिवळाधमक रंग टिकवण्यासाठी काही बेदाण्याला गंधकाची धुरी देतात आणि तिचे अंश काही दमेकऱ्यांना सोसत नाहीत. त्यांनी धुरी न दिलेला तपकिरी किंवा काळा बेदाणा मागून घ्यावा. लाल गराचं ड्रॅगनफ्रूट खाल्ल्यावर लघवी किंवा शौच लालसर दिसलं तर घाबरू नका, तो फळाचा रंग असतो आणि एक-दोन दिवसांत जातो.

बाळाच्या वाटीत

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. एक नवा पदार्थ दिला की तीन ते पाच दिवस थांबून मगच पुढचा द्या. शेंगदाणा, अंडं असे पदार्थ मुद्दाम लांबवण्याचा जुना सल्ला मात्र आता मागे पडला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा खायला सुरुवात करून दिली, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी न दिलेल्या मुलांपेक्षा ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. अंगावर तीव्र इसब असलेल्या किंवा अंड्याची ॲलर्जी ठरलेल्या बाळाबाबत आधी डॉक्टरांशी बोला. इतरांना शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट किंवा पातळ केलेलं शेंगदाणा-लोणी थोडं थोडं देता येतं.

दोन गोष्टी मात्र ठाम. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, तो महाबळेश्वरचा अस्सल असला तरीही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथल्या मधाच्या शुद्धतेचा इथं प्रश्नच नाही. शुद्ध मधातही बोट्युलिझमचे जिवाणूबीज असू शकतात आणि ते तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात. दुसरी गोष्ट घशाची: अख्खं द्राक्ष आणि अख्खा शेंगदाणा लहान मुलाचा श्वास अडकवतो. द्राक्षाचे उभे चार काप करा. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत नकोच.

आवडीचा निकाल एका घासावर नको

आता जिभेकडे वळू. इथं उतावळेपणा सोडायचा आहे. अनोळखी अन्नाची भीती माणसाला जन्मजात असते. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात ती सर्वांत जोरात असते, कारण मूल चालू लागून स्वतःच्या हातानं काहीही तोंडात घालू शकतं त्याच काळात ही भीती त्याचं रक्षण करते. म्हणून तीन वर्षांच्या मुलानं ब्रोकोली ढकलून दिली तर तो हट्ट नव्हे, वयाचा भाग आहे. लीन बर्च या अमेरिकन संशोधिकेनं आणि तिच्यामागून अनेकांनी केलेल्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: तोच पदार्थ जबरदस्तीविना आठ ते पंधरा वेळा चाखायला मिळाला तर बरीच मुलं तो स्वीकारतात. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच 'याला नाही आवडत' असा शिक्का बसतो. म्हणजे पदार्थ नाकारला गेला तो मुलाकडून नव्हे, आपल्या अधीरतेतून.

आमिषाचा उपायही उलटा पडतो. 'भाजी खाल्लीस तर चॉकलेट' असं म्हटल्यावर भाजी त्या दिवशी संपते, पण मुलाच्या मनात भाजीची किंमत उतरते आणि चॉकलेटची चढते. ज्यासाठी बक्षीस द्यावं लागतं ते वाईटच असणार, असा हिशेब मूल करतं. मग काय करावं? काय, कधी आणि कुठं वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलावर सोडावं. ताटात दोन ओळखीच्या पदार्थांशेजारी नव्याचा चमचाभर वाटा ठेवा, तोच स्वतःच्या ताटात घ्या, खा आणि त्याबद्दल बोलू नका. उरला तर कुरकुर न करता ताट उचला. आठवड्यानं पुन्हा वाढा.

यावर आजी-आजोबांची तक्रार असते की जबरदस्ती केल्याशिवाय मुलं काही खातच नाहीत. मूल खात नाही आणि मूल *हा पदार्थ* खात नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारी भाकरी, वरण, दही असेल तर मूल उपाशी राहत नाही. नव्या पदार्थाला नकार देण्याची मुभा असते म्हणूनच ते पुढच्या वेळी चाखून बघतं. वजन घटत असेल, मोजकेच दोन-चार पदार्थ सोडून सगळंच नाकारत असेल, किंवा गिळताना त्रास होत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोठ्यांनाही हेच लागू आहे. नवा पदार्थ ओळखीच्या चवीच्या सोबतीनं पहिल्यांदा खाल्ला की त्याचं परकेपण कमी होतं. टाकळ्याला लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याचा कूट, कुरडूला हरभऱ्याची डाळ, ब्रोकोलीला फ्लॉवरसारखीच कांदा-लसूण मसाल्याची परतणी, सोबत बाजरीची गरम भाकरी. तिसऱ्या-चौथ्या वेळी मसाला कमी करा, म्हणजे पदार्थाची स्वतःची चव कळू लागेल. आठ-दहा वेळा मनापासून खाऊनही नाही आवडलं तर सोडून द्या. कुणालाही सगळं आवडलं पाहिजे असा नियम नाही.

'हे आपलं खाणं नाही'

ब्रोकोली, ड्रॅगनफ्रूट, अळंबी यांच्यावरचा हा आक्षेप गंभीरपणे तपासायला हवा, कारण त्यात एक रास्त काळजी आहे: नव्याच्या नादात ज्वारी-बाजरी, घेवडा, माठ मागे पडू नये. ती काळजी बरोबर आहे. पण 'आपलं' कशाला म्हणायचं? ज्या मिरचीशिवाय ठेचा होत नाही आणि ज्या शेंगदाण्याशिवाय इथली एकही भाजी पूर्ण होत नाही, ती दोन्ही पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीज दर्यावर्दी आल्यानंतर ती भारतात आली. बटाटा, टोमॅटो, मका तिकडचेच, घेवडाही तिकडचाच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आज ते फळ साताऱ्याची ओळख आहे. ते मुळात विलायती. पदार्थ कुठून आला यावरून तो आपला ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिकवून, शिजवून, वाढून ठरतो. तेव्हा परकेपणा हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. महाग आहे, पौष्टिकतेत घरच्या भाजीहून वेगळं काही देत नाही, ही कारणं होऊ शकतात. रक्तातली साखर उतरवणारं, पेशी वाढवणारं अशा दाव्यांनी विकल्या जाणाऱ्या कोणत्याही नव्या फळाला औषध समजू नका आणि चालू गोळ्या बंद करू नका.

आग्रह झाला तर

पाहुणचारात आग्रहाला नाही म्हणणं जड जातं. तरीही अनोळखी पदार्थाला नकार देणं हा अपमान नव्हे. 'थोडंच वाढा, लागलं तर मागून घेईन' हे वाक्य बहुतेक ठिकाणी पुरतं. ॲलर्जी असेल तर मोघम बोलू नका. 'मला शेंगदाणा चालत नाही, कूटही नाही' असं स्पष्ट सांगा, कारण आपल्याकडे कूट न दिसता रश्शात असतो. आग्रह करणाऱ्यांनाही विनंती: ॲलर्जी सांगणाऱ्याला 'एका घासानं काय होतंय' म्हणू नका. होतं.

विकत घेताना तुमचे हक्क

- पाकीटबंद पदार्थावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत असलीच पाहिजे. गहू, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट असेल तर तसं वेगळं लिहिणं बंधनकारक आहे.
- हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी त्रिकोण मांसाहारी.
- दहा किंवा अधिक शाखांच्या हॉटेलांनी मेन्यूवर उष्मांक आणि ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं अपेक्षित आहे. आपल्याकडची बहुतेक खाणावळी-हॉटेलं या नियमात बसत नाहीत, म्हणून विचारा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे.
- संशय असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकही शुल्क भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. तसं करणार असल्याचं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. पदार्थात दोष आढळला तर शुल्क परत मिळतं.
- दूषित अन्नानं इजा झाल्यास कलम ६५ मध्ये भरपाईची तरतूद आहे: मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या प्रकरणात शुल्क लागत नाही.

त्रास झालाच तर

ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वासाला घरघर, अंगभर गांधी उठून चक्कर येणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं करून पाय थोडे उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसवा. रानातली भाजी, कंद किंवा अळंबी खाल्ल्यानंतर उलट्या होऊन थांबल्या म्हणून निर्धास्त राहू नका, रुग्णालयात जाच. अळंबीच्या विषात असा मधला बरा वाटणारा काळ येतो. मीठ-पाणी पाजून मुद्दाम उलटी करवू नका. आणि जाताना शिजवलेल्यातला उरलेला भाग, न शिजवलेलं पान किंवा कंद, पाकीट, बिल, जे हाताशी असेल ते पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना नेमकं काय खाल्लं ते त्यावरून कळतं, आणि पुढं तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा असतो.